मागची बाजू बघणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी मला जेवढे धक्के दिले तेवढे विजेच्या खात्यातल्या सगळ्या नोकरीत मिळून बसले नाहीत, आणि मी खांबावर चढून काम केलेला माणूस आहे. खांबावर चढताना निदान हातात रबरी मोजे असतात. मामांच्या समोर माणूस उघड्या हातानं जातो. पहिला धक्का तर लग्नाच्या आधीच बसला. मी मूळचा टेंभुर्णीचा. आमच्याकडे मुलगा बघायला आलेले पाहुणे सतरंजीवर बसतात, चहा घेतात, शेती किती आणि नोकरी कायम आहे का ते विचारतात आणि पोह्यांना नावं ठेवत परत जातात. मामा आले ते बसलेच नाहीत. मला म्हणाले, "जरा हुबं ऱ्हावा की." मी उभा राहिलो. मग त्या गृहस्थांनी हात पाठीमागे बांधले आणि माझ्याभोवती सावकाश एक फेरी मारली. वडील बघतायत, आई दाराआडून बघतेय, माझे होणारे सासरे खाली मान घालून बसलेत आणि मामा माझ्या मागे उभे राहून मान, पाठ, टाचा असं एकेक निरखतायत. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. शेवटी समोर येऊन त्यांनी निकाल दिला, "मागनं बी सरळ हाय. चालतंय." माझं लग्न ठरलं ते ह्या वाक्यावर. पत्रिका नंतर जुळवली.

पुढे कळलं की ह्यात माझा अपमान करण्याचा हेतू नव्हता. मामांची सोलापुरात नवी पेठेत चादरी-टॉवेलांची घाऊक पेढी, आणि तरुणपणाची बरीच वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेलेली. चादर हातात आली की ती आधी उलटायची, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. कुठं धागा तुटला, कुठं गाठ राहिली, कुठं कारागिराचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे गेलं, ते सगळं चादरीच्या पाठीवर दिसतं. "म्होरनं समद्या चादरी राजा आसत्यात जावईबापू," ते म्हणायचे, "खरं काय ते पाठ सांगती." इथपर्यंत ठीक होतं. धंद्याचं शहाणपण म्हणून मीही मान डोलावली असती. पण मामांनी हे शहाणपण चादरीपुरतं ठेवलं नाही. भाकरी पानात पडली की ते ती उलटून बघायचे. फ्रिज घ्यायला गेले की भिंतीला लावलेला फ्रिज चार माणसांकडून ओढून घेऊन त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, उलटं केलं, "हं" म्हणाले आणि परत लावलं. ते घड्याळ तेव्हापासून मागे पडतं. एका बारशाला त्यांच्या हातात बाळ दिलं. सगळ्यांनी नाकडोळे बघून कुणासारखे ते ठरवलं होतं. मामांनी बाळ फिरवून त्याची पाठ बघितली आणि बाळाच्या आजीला म्हणाले, "माल चांगला हाय." त्या आजीबाई अजून आमच्याशी बोलत नाहीत.

दुसरी खोड पोत बघण्याची. अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्या चिमटीत कापड धरायचं आणि हळूहळू चोळायचं. समोरच्याचा शर्ट चांगला दिसला की मामांची चिमूट आपोआप पुढे व्हायची. बँकेत मॅनेजर त्यांना काहीतरी समजावून सांगत होता, आणि मामा टेबलावरून वाकून त्याची बाही चोळत "हं, हं, कळतंय की" म्हणत होते. तो मॅनेजर बोलायचा थांबला. मी बाहेर निघून गेलो.

अशा ह्या माणसाला जगात फक्त एका गोष्टीचा खराखुरा राग होता, तो चित्रांचा. फोटो, कॅलेंडर, टीव्ही ह्या सगळ्यांबद्दल त्यांचं एकच मत होतं: "निम्मंच दावत्यात." लग्नाचा अल्बम बघताना ते एकेक फोटो काढून उलटून बघायचे आणि मागे पांढरा कागद दिसला की फसवलं गेल्यासारखा चेहरा करायचे. जुन्या टीव्हीला निदान मागे ढेरी होती. भिंतीला चिकटलेला सपाट टीव्ही आला तेव्हा मामांनी त्याच्यासमोर बसणंच सोडलं.

मामी ह्या माणसाच्या अगदी उलट. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातल्या, लहानशा, गोल, कपाळावर भस्माचे पट्टे, रागावल्या की निम्मं कानडी आणि निम्मं मराठी बोलणाऱ्या. त्यांना कशाचीच मागची बाजू बघायची हौस नव्हती. त्यांची हौस एकच: मंगळवारच्या बाजारात स्वतः जाऊन, वांगी स्वतःच्या हातानं निवडून आणायची. आणि नेमकं तेच बंद पडलं होतं. पेढीच्या वर राहतं घर, तिथं चढायला एक उभा, अंधारा लाकडी जिना, आणि मामींचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गुडघा बदलावा लागेल. मामींनीही सांगून टाकलं होतं, "शिवानं दिलेल्या अंगाला सुरी लावून घ्येनार न्हाय मी." तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. खिडकीत बसून खाली चाललेल्या माणसांच्या पिशव्यांतून डोकावणारी भाजी बघायच्या आणि "किडकी घेतली बघ" असं स्वतःशीच म्हणायच्या. मला ते ऐकवत नसे.

मामींना बसायला उंच खुर्ची हवी म्हणून मी आणि मामा एकदा फर्निचरच्या मोठ्या दुकानात गेलो, आणि तिथं पहिल्यांदा मामांना धक्का बसलेला मी पाहिला. सेल्समनने हातात टॅब दिला. काचेवर एक खुर्ची होती. मामांनी सवयीनं टॅबच उलटून बघितला. "काका, तसं नाही," असं म्हणून त्या मुलाने काचेवर एक बोट ठेवून सरकवलं. खुर्ची वळली. आधी कड दिसली, मग पाय, मग पाठ, पाठीमागच्या लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांमधले खिळे. मामांच्या हातातली पिशवी खाली पडली. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, जागच्या जागी खिळून उभे. मला वाटलं ह्यांना काही झालं, आणि मी पाणी मागवलं. पाणी आलं तरी मामा तसेच. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मागचं दावतंय हो." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, मामींच्या कानडीत, "नोडू… नोडू." बघ, बघ. आजवर सगळ्या चित्रांनी ज्याला निम्मंच दाखवलं त्या माणसाला सबंध चित्र मिळालं होतं. आम्ही खुर्ची न घेताच परत आलो. येताना वाटेत टॅब मात्र घेतला.

त्यानंतर काही महिने घरातल्या कुणाला सुख नव्हतं. एका बोटानं वस्तू फिरते, दोन बोटं फाकवली की मोठी होते, जवळ आणली की लहान होते, एवढी विद्या मामांना त्या मुलानं दिली होती, आणि ती त्यांनी सगळ्या सोलापूरवर वापरली. पेपरातल्या मंत्र्याच्या फोटोवर बोट सरकवून बघितलं. सराफाच्या काउंटरच्या काचेवरून आतला हार फिरवायचा प्रयत्न केला. नात्यातल्या एका मुलीसाठी मोबाइलवर स्थळाचा फोटो आला, तो त्यांनी चारी दिशांना ढकलून पाहिला आणि "फिरत न्हाय. नको हे स्थळ," म्हणून फोन परत दिला. मुलगा इंजिनिअर होता. मुलीची आई रडायला लागली तरी मामा ठाम. "ज्याची पाठ दिसत न्हाय त्याच्या घरी पोरगी द्यायची व्हय?"

पण खरी पंचाईत त्यांच्या चिमटीनं केली. टॅबवर सोफा आला, चादर आली, गालिचा आला, की मामांचा अंगठा आणि बोट सवयीनं पोत बघायला पुढे व्हायचं. आणि काचेला काय कळणार हा माणूस पोत बघतोय म्हणून? तिला वाटायचं ह्याला वस्तू लहान करायचीय. मामा जितकं मन लावून चोळायचे तितका सोफा लहान व्हायचा. आधी पाटाएवढा, मग सुपारीएवढा, मग मोहरीएवढा, आणि मग नाहीसा. "हात लावला की पळतंय हो," ते हवालदिल होऊन म्हणायचे. मी त्यांना कितीदा तरी समजावलं. पण हाताला समजावणार कसं? डोकं ऐकायचं, चिमूट ऐकायची नाही.

ह्याच दिवसांत मामांनी ठरवलं, की मामी ऑपरेशन करत नसतील तर जिनाच आयुष्यातून काढायचा. विजापूर रोडच्या बाजूला त्यांचा एक प्लॉट होता. तिथं एकमजली घर, दारात पायरीऐवजी उतार, सगळं सपाट. एक तरुण आर्किटेक्ट मुलगी त्यांनी गाठली. तिनं बिचारीनं कौतुकानं मामांच्या टॅबमध्ये रिकामा प्लॉट फिरता करून दिला आणि वर सांगितलं, "काका, काय कुठं हवं ते सांगा, मी एकेक उभं करत जाईन. आणि चुकून काही बिघडलं तर घाबरू नका, तीन बोटं काचेवरून आडवी ओढली की शेवटचा बदल रद्द होतो." असं वाक्य मामांसमोर बोलू नये, हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी सांगायला सुरुवात केली ती संडासापासून. त्यांना संडास आधी उभा हवा होता, मामींना लांब चालायला नको म्हणून. मग खोल्या, मग उतार, मग भिंती, मग मामींच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. प्रत्येक बदलानंतर मामा घर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचे. मुलीचा उत्साह मावळत चालला होता, पण घर खरंच चांगलं दिसत होतं. मामीसुद्धा पदराआडून एखादा डोळा टाकायला लागल्या होत्या. मला वाटलं, सुटल्या मामी.

आणि एका दुपारी मामांनी घराची शेवटची राहिलेली बाजू बघितली. खालची.

मी तिथंच बसलो होतो. मामांनी बोट खालून वर सरकवलं, आणि अख्खं घर सावकाश उलटं झालं. छप्पर खाली, जमीन वर. नेमक्या त्याच वेळी मामी भिंतीला धरून धरून चहा घेऊन आल्या आणि कपबशी त्यांच्या हातातून सुटली. "अय्य शिवने! येन माडिद्री हे? काय केलंत हे? घर पालथं घातलंत? उभ्या घराला पालथं घालतंय का कोन?" मामा चित्राकडे बघण्यात गुंग. "अगं थांब की. खाली काय न्हाय ह्याच्या. पोकळ हाय." रिकामी घागर पालथी दिसली तरी मामींच्या जिवाचं पाणी पाणी होतं, आणि इथं ज्यात राहायला जायचं ते घर नवरा बोटानं पालथं घालून त्याच्या बुडाशी बघत बसलेला! मी म्हणालो, "मामी, हे नुसतं चित्र आहे." त्यावर दोघंही एकदम माझ्या अंगावर आले. चित्र नुसतं असतं हे त्या घरात कुणालाच मान्य नव्हतं.

मामांनी आर्किटेक्ट मुलीला फोन करून घराच्या बुडाशी दगड भरून घेतले. मुलीनं भरलेही, ती हल्ली काही विचारत नसे. पण मामींची समजूत दगडांनी पटणार नव्हती. घराची शांत करून घेतल्याशिवाय मी तिथं पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. शेवटी मठातले स्वामी आले. फार समजूतदार माणूस. सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि म्हणाले, "मनात शंका आली की देवाला इचारावं. करूया." पाटावर टॅब ठेवला. टॅबवर घर, सुलट. बेलाची पानं वाहिली, घंटा वाजली, आणि स्वामींनी भस्म पाण्यात कालवून तीन बोटांवर घेतलं. आम्हा कुणाच्या काही डोक्यात आलं नाही. मामांच्याही नाही. भस्म लावायचं तर ते तीन बोटांनीच लावतात, आणि आडवंच ओढतात. स्वामींनी काचेवरून तीन बोटं ओढली, आणि घराच्या बुडाचे दगड नाहीसे झाले.

काचेवर भस्म नीट उमटलं नाही म्हणून स्वामींनी पुन्हा ओढलं. स्वयंपाकघराची खिडकी गेली. मामींनी पदराचा बोळा तोंडात धरला. स्वामींचे डोळे मिटलेले, मंत्र चाललेला, आणि पट्टे काही मनासारखे उमटत नाहीत म्हणून बोटं पुन्हा पुन्हा फिरतायत. मधली भिंत गेली. दारातला उतार गेला. देवघर गेलं. माझी बायको माझा दंड आवळत होती, मामा हात जोडून दगडासारखे बसलेले, आणि चालू मंत्रात स्वामींना थांबवायची कुणाची छाती नव्हती. एकेक खोली डोळ्यांदेखत जात होती आणि घंटा वाजत होती. मंत्र संपला, स्वामींनी डोळे उघडले. त्या सबंध प्लॉटवर एक संडास तेवढा उभा राहिला होता.

मग मामी अगदी शांतपणे म्हणाल्या, "ह्यात ऱ्हाऊ का मी आता?"

आर्किटेक्ट मुलीनं फोनवर सांगितलं की यात काही विशेष नाही, तीन बोटांची खूण आहे ती, आणि चहा गार व्हायच्या आत सगळं घर परत उभं करून दिलं. स्वामीही म्हणाले, "अम्मा, माझ्या बोटानं झालं, देवानं न्हाय केलं." पण मामींनी जे पाहिलं ते पाहिलं होतं. देवाच्या भस्मानं भिंती काढल्या. त्या घरात त्या जाणार नव्हत्या. आता सुरी नको, नवं घर नको, आणि उतरायला तोच जिना. मामांनी टॅब कपाटात ठेवून दिला. ते पेढीवर नुसते बसून राहायचे. त्यांना गप्प बसलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, त्यांच्या सगळ्या चक्रमपणापेक्षा ह्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

त्यातून एका मंगळवारी मामींच्या मनानं घेतलं. कुणाला न सांगता पिशवी घेऊन त्या जिना उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यात गुडघ्यानं दगा दिला आणि त्या मटकन खाली बसल्या. खाली पेढी गिऱ्हाइकांनी भरलेली. मी काही कामासाठी तिथंच होतो. वरून हाक आली, ती हाक मी विसरणार नाही. मामा धावत गेले आणि दोन पायऱ्या खाली थबकले. पेठेतले लोक दारात जमलेले, सगळ्यांसमोर बायकोला उचलायची तर हात पुढे होईना, आणि मामी पदरात तोंड लपवून रडतायत. दुखतंय म्हणून नव्हे, लोक बघतायत म्हणून. मामा मागे वळले, थप्पीतली वरची चादर त्यांनी ओढली, आणि मी आणि त्यांनी मामींना त्या चादरीत बसवून, चारी टोकं धरून, वर नेलं. ती चादर त्यांनी उलटून बघितली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं ते वर पोचल्यावर.

वर गेल्यावर मामी म्हणाल्या, "दावा मला त्या डॉक्टरला. निस्तं दावा. कापायचं न्हाय." एवढीच परवानगी मिळाली, आणि आम्ही तेवढीच घेऊन दवाखान्यात गेलो.

गुडघ्याचा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. तरुण, हुशार, घाईत असलेला माणूस. समोर टेबलावर मोठा पडदा, बोटानं चालणारा. त्यावर मामींचा गुडघा: मांडीचं हाड, खाली नडगीचं, मध्ये झिजलेली जागा. मामींनी एकदा बघितलं आणि मान फिरवली. मी मामांकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता हे पुढे झुकणार, पाठ बघणार, बूड बघणार, पोत बघायला जाऊन गुडघा मोहरीएवढा करणार, आणि मामी उठून घरी जाणार.

डॉक्टर म्हणाले, "हे बघा, इथं गादी पूर्ण गेली आहे. मागून दाखवतो." आणि सवयीनं त्यांनी बोटाचा एक झटका दिला. गुडघा गर्रकन फिरला, दोन गिरक्या घेतल्या आणि थांबला.

मामांनी डॉक्टरांचं मनगट धरलं.

"हळू की हो, डॉक्टर. हळू फिरवा. दुखंल की तिला."

डॉक्टर गोंधळून बघतच राहिले. "काका, हे चित्र आहे."

"चित्र आसंल. गुडघा हिचा हाय न्हवं?"

मी कितीतरी वेळा हसलो होतो ह्या माणसाला. त्या खोलीत मात्र हसू आलं नाही. मामांनी मनगट सोडलं, "फिरवू का मी?" असं विचारलं, खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले आणि एक बोट पडद्यावर ठेवलं. ज्या बोटानं घर पालथं घातलं त्याच बोटानं त्यांनी तो गुडघा इतका सावकाश वळवला, की वळतोय हेसुद्धा कळू नये. आमच्या ह्या घरात नवरा चारचौघांत बायकोच्या पायाला हात लावत नाही. लग्नात जोडवी घालताना लावला असेल तेवढाच. आणि इथं डॉक्टर, नर्स, जावई सगळ्यांसमोर मामा मामींच्या गुडघ्याला धरून होते. चिमटीत घेतला नाही, मोठा केला नाही, लहान केला नाही. गुडघ्याची मागची बाजू समोर आली, आणि मामी, ज्या भिंतीकडे बघत होत्या त्या मामी, एकदम म्हणाल्या, "तितंच. तितंच दुखतंय बगा." त्यांचा हात लुगड्यावरून स्वतःच्या गुडघ्यामागे गेला होता. मामांचं बोट थांबलं.

मग मामी मामांना म्हणाल्या, डॉक्टरांना नव्हे, "हे कापतील तवा तुमच्यावानी हळू कापतील का, इचारा की."

डॉक्टरांची घाई कुठं गेली कुणास ठाऊक. खुर्ची पुढे ओढून ते मामींसमोर बसले आणि म्हणाले, "आजी, अगदी हळू." मामींनी मान हलवली. ऑपरेशन ठरलं ते असं.

आता सगळं ठीक आहे. नवा गुडघा चांगला बसला, मामी काठी टेकत आणि मग काठी न टेकता जिना उतरायला लागल्या, आणि भाजीवाल्यांना त्यांचा पुन्हा जाच सुरू झाला. विजापूर रोडचं घर राहूनच गेलं, मामा म्हणतात, "बघू की," आणि मामी म्हणतात, "काय नको." पेढी चालू आहे. मामा लोकांच्या बाह्या चोळतातच. मध्यंतरी एका दुपारी मी पेढीवर गेलो, गिऱ्हाईक कुणी नव्हतं, आणि मामा गादीवर बसून मांडीवरच्या टॅबवर हळूहळू बोट फिरवत होते. मला वाटलं घर काढलं वाटतं पुन्हा. वाकून बघितलं तर गुडघा. डॉक्टरांच्या मागे लागून त्यांनी तो टॅबमध्ये घेऊन ठेवला होता.

मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "जावईबापू, जुनं हाड कुटं टाकत आसतील हो? मी डॉक्टरला इचारलं. हासले." बोट चालूच होतं. "ह्याच गुडग्यावर चालत आमच्या घरात आली की ती. ह्याच्यावरच जिना चढली, उतरली. कधी म्हणून बोलली न्हाय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, बेताची, सारखी, आणि मामी चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी टॅबकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "पुन्ना तेच? त्या मोडक्या हाडाकडं काय बघताय? मी हितं धडधाकट हुबी हाय की तुमच्या म्होरं."

"तू हायेसच गं," मामा म्हणाले. "पन ही बी होती की."

मामींनी कप माझ्या हातात दिला, गादीच्या कडेला टेकल्या, आणि पदराच्या टोकानं टॅबची काच पुसायला लागल्या. "केवढी धूळ बसू दिलीय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या पुसण्यानं तो गुडघा जरासा हलला. आणि मामांनी, जावई समोर बसलेला असताना, त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मी शेजारचा पेपर उचलून तोंडापुढे धरला. वाचत काहीच नव्हतो.